परदेशातून परत आलेला माल कस्टममधून कसा सोडवायचा

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीने जर्मनीला कास्टिंग पाठवली. तिकडे मशीनिंग करताना काही नगांत ब्लो होल (ओतताना आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) निघाले आणि खरेदीदाराने तेवढा माल परत पाठवायचं ठरवलं. माल आपलाच आहे आणि इथेच ओतलेला आहे. तरीही न्हावा शेवाला कंटेनर उतरला की कायद्याच्या दृष्टीने ती सरळ आयात असते. सीमाशुल्क कायदा, 1962 चं कलम 20 तेच सांगतं: भारतात तयार झालेला माल परत आला, तरी तसाच परदेशी माल आणताना जे शुल्क आणि ज्या अटी लागतात त्या त्यालाही लागतात. यातून सुटका होते ती सूट देणाऱ्या अधिसूचनेमुळे, आणि ती सूट बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या कस्टम अर्जात, मागावी लागते. मागितली नाही तर पूर्ण ड्युटी लागते.

सूट मिळण्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. गेलेला आणि आलेला माल एकच आहे, आणि निर्यातीच्या वेळी सरकारकडून जो फायदा घेतला होता तो परत केला जातो आहे. पुढचं सगळं काम या दोन गोष्टींचं आहे, आणि त्यातलं बहुतेक माल तिकडून निघण्याआधी उरकायचं असतं. कंटेनर जहाजावर चढल्यावर सीएचएला (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला) पहिला फोन केला, तर डिटेन्शनचे (कंटेनर अडवून ठेवल्याचे) पैसे भरायची तयारी ठेवा.

आणायचाच का, हे आधी ठरवा

तिकडून इकडचं भाडं, दोन्हीकडचे हाताळणी खर्च, इथली ड्युटी आणि परत आल्यावर मालाची राहणारी किंमत एका कागदावर मांडा. कास्टिंग वितळवूनच टाकायचं असेल, तर तिकडेच भंगारात विकून खरेदीदाराला डेबिट नोट लावू देणं (म्हणजे तेवढी रक्कम कापू देणं) अनेकदा स्वस्त पडतं. त्यासाठी आपल्या बँकेची आधी संमती घ्या, कारण शिपिंग बिलाची (निर्यातीच्या कस्टम अर्जाची) पूर्ण रक्कम आली नाही तर बँकेच्या नोंदीत ते उघडं राहतं. माल दुरुस्त करून पुन्हा पाठवता येण्यासारखा असेल, किंवा इथे दुसरा गिऱ्हाईक असेल, तर आणा.

माल सुटीच्या तक्त्यात कोणत्या ओळीत बसतो

मूळ अधिसूचना 30 जून 2017 ची, क्रमांक 45/2017-कस्टम्स. तिच्या तक्त्यात निर्यात कशी झाली होती यावरून भरायची रक्कम ठरते:

ड्रॉबॅक (कच्च्या मालावरच्या शुल्काचा निर्यातदाराला मिळणारा परतावा) घेऊन निर्यात केली असेल तर घेतलेल्या ड्रॉबॅकइतकी रक्कम. आयजीएसटी (आयात-निर्यातीला लागणारा जीएसटी) भरून त्याचा परतावा घेतला असेल तर त्या परताव्याइतकी. बाँड किंवा एलयूटीवर (लेखी हमीपत्रावर) कर न भरता पाठवला असेल तर तेव्हा न भरलेल्या आयजीएसटीइतकी. यातले दोन फायदे घेतले असतील तर दोन्ही रकमा. परदेशी दुरुस्तीसाठी पाठवलेल्या वस्तूंचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे येईल. यातलं काहीच लागू नसेल तर ड्युटी शून्य.

अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन किंवा ईपीसीजी या, निर्यातीच्या अटीवर कच्चा माल किंवा यंत्रं शुल्कसवलतीत आणू देणाऱ्या परवान्यांखाली गेलेला माल सगळ्यात त्रासाचा. तिथे परत आणण्याची मुदत निर्यातीपासून एक वर्ष, फार तर आणखी एक वर्ष वाढवून मिळते. ती निर्यात परवान्याच्या हिशेबातून वजा करून घ्यावी लागते. शिवाय माल परत आल्याची सूचना परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि संबंधित सहायक किंवा उपायुक्तांना देऊन त्याची तारखेसह पोच माल सोडवताना दाखवावी लागते. ही पोच मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिलं पत्र तिचंच टाका.

बाकीच्या मालाला सर्वसाधारण मुदत तीन वर्षं. सबळ कारण असेल तर आयुक्त ती दोन वर्षांपर्यंत वाढवू शकतात, पण अर्ज मुदत संपायच्या आत करावा. निर्यातदार युनिट शंभर टक्के ईओयू (निर्यातीसाठीचं खास युनिट) असेल किंवा माल बाँडेड वेअरहाऊसमधून (ड्युटी न भरलेला माल ठेवण्याच्या गोदामातून) गेला असेल, तर ही अधिसूचना धरून बसू नका. त्यांचे नियम वेगळे आहेत.

एक खबरदारी. गेल्या काही वर्षांत या अधिसूचनेत दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि 2025 च्या अखेरीस सीमाशुल्क विभागाने अनेक जुन्या सूट-अधिसूचना एकत्रही केल्या. बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी भरायचं त्या दिवशी लागू असलेला क्रमांक आणि अनुक्रमांक सीएचएकडून लेखी घ्या. मागच्या वेळच्या फाइलमधून उतरवू नका.

हिशेब मांडून पाहा

समजा परत येणाऱ्या कास्टिंगचं निर्यातीच्या वेळचं एफओबी मूल्य (भाडं-विमा सोडून जहाजावर चढेपर्यंतची किंमत) 4,00,000 रुपये. आयजीएसटी 18 टक्के, आणि सोयीसाठी ड्रॉबॅक 1.5 टक्के धरू. आयजीएसटी भरून परतावा घेतला होता. मग भरायचे: ड्रॉबॅकचे 6,000 आणि आयजीएसटीचे 72,000, एकूण 78,000.

आता सूट न मागता तोच माल साधी आयात म्हणून गेला तर? भाडं आणि विमा मिळवून मूल्य 4,40,000 धरा. बेसिक ड्युटी 10 टक्के धरली तर 44,000, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 4,400, आणि या सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी 87,912. एकूण 1,36,312.

दोन्हीतला आयजीएसटी इनपुट क्रेडिट (पुढच्या जीएसटीतून वजा होणारी रक्कम) म्हणून परत मिळतो, त्यामुळे तो तात्पुरता अडकलेला पैसा समजा. खरा खर्च पहिल्या बाबतीत 6,000, दुसऱ्यात 48,400. अधिसूचनेचा अनुक्रमांक चुकल्याची किंमत एवढी असते. दर तुमच्या एचएसएन कोडप्रमाणे (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाप्रमाणे) बदलतील, मांडणी हीच.

अर्धवट माल परत येतो तेव्हा ड्रॉबॅक आणि परतावा त्याच प्रमाणात काढायचा, आणि तो शिपिंग बिलाच्या त्या-त्या आयटमवरून. पूर्ण शिपिंग बिलाची सरासरी काढू नका, कारण एका बिलात वेगवेगळ्या दरांचे आयटम असतात.

रोडटेपचं (निर्यात मालावरचे इतर कर भरून देणाऱ्या सरकारी योजनेचं) क्रेडिट घेतलं असेल तर तेही विसरू नका. ते विक्रीचे पैसे येण्याच्या अटीवर मिळतं. पैसे आले नाहीत किंवा खरेदीदाराला परत केले, तर त्या मालापुरतं क्रेडिट परत करावं लागतं. ही रक्कम आधीच चलनाने भरून त्याची प्रत फाइलला जोडली, तर अधिकाऱ्याचा एक प्रश्न कमी होतो.

माल तिकडून निघण्याआधी

ओळख सिद्ध करण्याचं काम खरं तर पहिल्या निर्यातीच्या दिवशीच सुरू होतं. शिपिंग बिलात वर्णन नुसतं ‘सी.आय. कास्टिंग, 12 पॅलेट’ असं असेल, तर परत आलेली पॅलेट त्याच मालाची आहेत हे कोण कशावरून म्हणणार? निर्यातीच्या इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमध्ये पार्ट नंबर, ड्रॉइंगची आवृत्ती आणि हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक) किंवा सिरीयल नंबर टाका. मशीन असेल तर नेमप्लेटचा फोटो. पाच मिनिटांचं हे काम निर्यातीच्या प्रत्येक फाइलमध्ये असावं, माल परत येवो न येवो.

कास्टिंगमध्ये इथेच नेमकी अडचण येते. हीट नंबर अनेकदा अशा बाजूवर ओतलेला असतो जी खरेदीदार मशीनिंगला घेतो, आणि दोष दिसेपर्यंत तो नंबर कापला गेलेला असतो. अशा नगांसाठी खरेदीदाराच्या इनवर्ड तपासणीचा अहवाल मागवा, ज्यात बॅच, पार्ट नंबर आणि आपल्या इन्व्हॉइसचा क्रमांक एकत्र असेल. निदान काही नगांवर नंबर शिल्लक असेल, तर ते पॅलेटच्या वरच्या थरात ठेवायला सांगा. शेडमध्ये अधिकारी आधी वरचेच नग पाहतो.

मशीनिंग झाल्याने माल ‘तोच’ राहत नाही असं नाही, पण त्यावर क्वेरी येईल हे धरून चाला. मात्र तिकडे वितळवून, पुन्हा ओतून किंवा रिसायकल करून आणलेला माल अधिसूचनेच्या स्पष्टीकरणानुसार तोच माल मानला जात नाही. तिथे सूट मागूच नका.

खरेदीदाराकडून घ्यायचे कागद: नाकारण्याचं पत्र, त्यात दोष, नग आणि आपला मूळ इन्व्हॉइस क्रमांक, परतीचा इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिलाचा (जहाज किंवा विमान कंपनीच्या माल-पावतीचा) मसुदा. मसुदा आधी मागवून तपासा, कारण नंतरच्या दुरुस्तीला शिपिंग लाइन पैसे आणि वेळ दोन्ही घेते.

परतीच्या इन्व्हॉइसमध्ये खरेदीदाराचा अकाउंट विभाग हमखास एक चूक करतो. ‘माल सदोष आहे’ म्हणून किंमत एक युरो लावतो. आपल्या शिपिंग बिलात दर नगाला 18 युरो आणि परतीला एक, हे कोड्यात टाकणारं चित्र तयार होतं आणि मूल्याबद्दल चौकशी सुरू होते. मूळ निर्यातीचाच दर लावायला सांगा आणि त्यावर स्पष्ट लिहून घ्या की हा परत केलेला माल आहे, मूल्य केवळ कस्टमसाठी आहे आणि कोणतंही देणं नाही. मूळ देश भारत, एचएसएन कोड शिपिंग बिलावरचाच.

लाकडी पॅलेटकडेही लक्ष ठेवा. आपण पाठवलेली शिक्का असलेली पॅलेट खरेदीदाराने केव्हाच टाकून दिलेली असतात आणि तो हाताशी असलेल्या लाकडावर माल बांधतो. आयएसपीएम-15 चा (कीडमुक्त लाकडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का नसलेलं लाकूड भारतात आलं की प्लांट क्वारंटाइनचा (रोगकिडींच्या तपासणीचा) प्रश्न उभा राहतो आणि माल अडतो. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पॅलेट वापरायला सांगणं सगळ्यात सुरक्षित.

लहान पार्सल असेल तरी खरेदीदाराला कुरिअरने ‘असंच’ पाठवू देऊ नका. कुरिअर कंपनी ते साधी आयात म्हणून भरते, ड्युटी भरून टाकते आणि बिल तुमच्या हातात ठेवते. आधी कळवून नियमित बिल ऑफ एंट्रीने, तुमच्या सीएचएमार्फत सोडवायची व्यवस्था करा.

इकडची फाइल

मूळ शिपिंग बिल आणि त्याचा एलईओ (कस्टमची निर्यातीची परवानगी), निर्यात इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग. ड्रॉबॅक मिळाल्याचा तपशील आणि आयजीएसटी परताव्याची स्थिती आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर दिसते, त्याची प्रिंट काढा. एलयूटीवर गेला असेल तर त्या वर्षाच्या एलयूटीची प्रत. पैसे आले असतील तर बँकेचं ई-बीआरसी (पैसे आल्याचा दाखला), आले नसतील तर तसं निवेदन. आणि कोणते फायदे घेतले, कोणते नाही, याचं स्वाक्षरीचं पत्र.

आयजीएसटीचा परतावा अजून आलेलाच नसेल, तर स्थिती नाजूक असते. सध्या परताव्याची रक्कम शून्य दिसते, पण तो पुढच्या आठवड्यात आपोआप स्क्रोल होऊन (परताव्याच्या यादीत चढून) खात्यात येऊ शकतो. पत्रात हे स्वच्छ लिहा आणि परतावा आल्यास भरण्याची हमी द्या. उलट, जीएसटी पोर्टलवर डीआरसी-03 या भरणा-फॉर्मने रक्कम आधीच परत केली असेल, तर तिचा पुरावा जोडा, नाहीतर तीच रक्कम कस्टमलाही भराल.

एका परतीत दोन-तीन शिपिंग बिलांचा माल मिसळलेला असणं नेहमीचं. त्यासाठी एकच तक्ता करा: पार्ट नंबर, हीट नंबर, नग, शिपिंग बिल क्रमांक व तारीख, त्यातला इन्व्हॉइस आणि आयटम अनुक्रमांक, एफओबी मूल्य, त्या नगांवरचा ड्रॉबॅक, त्या नगांवरचा आयजीएसटी. फाइलमधला सगळ्यात कामाचा कागद हाच.

बिल ऑफ एंट्री

जहाज येण्याच्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल करायचं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि त्यानंतर रोज 10,000. लहान परतीच्या मालावर ही लेट फी मालाच्या किमतीशी स्पर्धा करायला लागते, म्हणून मसुदा जहाज निघाल्याच्या आठवड्यातच तयार ठेवा.

बिलात पुनर्आयातीचा वेगळा तक्ता असतो. त्यात अधिसूचना व अनुक्रमांक, शिपिंग बिल क्रमांक, तारीख, निर्यातीच्या बंदराचा कोड, इन्व्हॉइस आणि आयटमचा अनुक्रमांक जातो. आपला वरचा तक्ता इथे ओळीओळीने उतरतो. तीन शिपिंग बिलांचा माल एकाच ओळीत कोंबला की सिस्टिम फार तर स्वीकारेल, पण अधिकारी नाही. माल कोणत्याही बंदरातून गेला असो आणि कोणत्याही बंदरात येवो, चालतं. मात्र दुसऱ्या बंदरातून गेला असेल तर पडताळणीला वेळ धरा.

मूल्यांकन आता फेसलेस आहे. न्हावा शेवाची फाइल दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहत असेल. त्याला समोर बसून समजावता येत नाही, त्यामुळे ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन सोयीवर चढवलेल्या कागदांनी सगळं बोललं पाहिजे. पहिल्याच दिवशी एक पानाचं पत्र जोडा: काय गेलं, का परत आलं, किती फायदा घेतला, किती भरतो आहोत, कुठला अनुक्रमांक. क्वेरी आली की उत्तर त्याच दिवशी, आणि प्रश्नाच्या प्रत्येक भागाला वेगळं.

एखादा कागद अडकला असेल तर कलम 18 खाली तात्पुरतं मूल्यांकन मागता येतं. बाँड देऊन माल सुटतो आणि कागद नंतर दिला जातो. कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) ठेवून पोचपावतीची वाट बघण्यापेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्त. कागद फार लांबणार असेल, तर माल गोदामात ठेवण्याची कलम 49 ची सोयही आहे. काहीच न करता बसलात, तर 30 दिवसांनंतर नोटीस देऊन माल विकण्याचा अधिकार कस्टमला येतो.

चुकून पूर्ण ड्युटी भरली गेलीच, तर कलम 149 खाली बिलात दुरुस्ती मागा आणि मग कलम 27 खाली एक वर्षाच्या आत परताव्याचा दावा. मिळतो, पण महिने जातात.

तपासणी

परतीच्या मालाची तपासणी होणारच, असं धरूनच मजूर आणि फोर्कलिफ्टची सोय करा. शेडमध्ये सीएचएच्या माणसाच्या हातात निर्यातीच्या वेळचे फोटो, हीट नंबरांचा तक्ता आणि नाकारण्याच्या पत्राची छापील प्रत असावी. नंबर धुळीखाली किंवा गंजाखाली असतो, म्हणून वायर ब्रश आणि खडू बरोबर पाठवा. खडू घासला की उठावातले अंक फोटोतही वाचता येतात. नग मोजताना परतीच्या पॅकिंग लिस्टपेक्षा जास्त निघाले, तर ते जाहीर न केलेले ठरतात. कमी निघाले तर जास्तीचे पैसे भरले जातात. खरेदीदाराला नग दोनदा मोजायला सांगा.

ओळखीबद्दल शंका उरली तर चार्टर्ड इंजिनीअरचं प्रमाणपत्र मागतात. तसा माणूस आधीच ठरवून ठेवलेला बरा.

दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असेल

यासाठी 1995 ची 158/95 क्रमांकाची अधिसूचना ही वेगळी वाट आहे. निर्यातीपासून तीन वर्षांच्या आत दुरुस्तीसाठी आणलेला माल बाँडवर, ड्युटी न भरता सुटतो. अट अशी की सहा महिन्यांत पुन्हा निर्यात करायची. मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. निर्यात झाली नाही तर बाँडवर ड्युटी वसूल होते. दोष घासून, वेल्डिंगने किंवा पुन्हा मशीनिंगने जाणार आणि खरेदीदार तो घेणार हे पक्कं असेल तरच ही वाट धरा. पुन्हा पाठवताना शिपिंग बिलात या बिल ऑफ एंट्रीचा उल्लेख करायला विसरलात, तर बाँड रद्द करून घेणं अवघड जातं.

परदेशी दुरुस्तीला पाठवलेली वस्तू

कारखान्यातला स्पिंडल जर्मनीला दुरुस्तीला गेला आणि परत आला, तर ड्युटी पूर्ण किमतीवर लागत नाही. दुरुस्तीचा रास्त खर्च, त्यात वापरलेलं सामान आणि दोन्ही बाजूंचं भाडं व विमा एवढ्यावर लागते. यात आयजीएसटीही येतो, हे 2021 मध्ये स्पष्ट करण्यात आलं. वॉरंटीत फुकट दुरुस्ती झाली तरी खर्च शून्य धरला जात नाही. अधिसूचना ‘प्रत्यक्ष खर्च झाला असो वा नसो’ असंच म्हणते. म्हणून दुरुस्तीवाल्याकडून सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत लिहिलेला कागद घ्या. तो नसेल तर अधिकारी आपला अंदाज लावेल. पाठवताना शिपिंग बिलावर सिरीयल नंबर हवा आणि मालकी बदलता कामा नये. वॉरंटीखाली पाठवलेल्या वस्तू परत आणण्याची मुदत 2024 च्या अर्थसंकल्पात तीनवरून पाच वर्षं झाली.

प्रदर्शनाला गेलेला माल न विकता परत आला तर स्थिती सोपी आहे. विक्रीच झाली नाही, त्यामुळे आयजीएसटी लागत नाही, असं 2019 च्या परिपत्रकांनी स्पष्ट केलं. माल डिलिव्हरी चलनावर गेलेला हवा, इन्व्हॉइसवर नाही. सहा महिन्यांत परत न आलेला माल जीएसटीसाठी विकलेला धरला जातो. वारंवार प्रदर्शनांना जाणाऱ्यांनी फिक्कीकडून मिळणारं एटीए कार्ने (माल तात्पुरता नेण्या-आणण्याचा आंतरराष्ट्रीय कस्टम कागद) पाहावं. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांना परदेशी जाणारे वादक आणि नाट्यसंस्था यांनी महागडी वाद्यं किंवा ध्वनियंत्रणा नेताना विमानतळावर निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं. परतताना तीच वस्तू नवी खरेदी नाही हे त्यावरून ठरतं.

खाद्यपदार्थ परत येत असेल तर कस्टमच्या आधी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) परवानगी लागते, आणि शेतमाल असेल तर प्लांट क्वारंटाइनचीही. रीफर (शीत) कंटेनरचं विजेचं भाडं रोज चढत असतं, म्हणून दोन्ही अर्ज माल निघण्याआधी तयार हवेत.

माल घरी आल्यावर

आउट ऑफ चार्ज (माल सोडल्याचा कस्टमचा आदेश) मिळाला की फाइल बंद झाली असं समजू नका. भरलेला आयजीएसटी जीएसटीआर-2बी या क्रेडिटच्या विवरणात दिसतो का पाहा, मग 3बी या कर भरायच्या विवरणपत्रात आयातीच्या रकान्यात क्रेडिट घ्या. निर्यात इन्व्हॉइसविरुद्ध क्रेडिट नोट काढून जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात दाखवा.

बँकेचं काम दोन बाजूंचं आहे, आणि दुसरी बाजू बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मूळ शिपिंग बिल निर्यातीच्या नोंदीत उघडं असतं. ते परतीचं बिल ऑफ एंट्री दाखवून त्या मालापुरतं बंद करून घ्यायचं. पण हेच नवीन बिल ऑफ एंट्री आयातीच्या नोंदीतही उघडं पडतं, कारण बँकेला वाटतं की या मालाचे पैसे परदेशी जायचे आहेत. देणं काहीच नसल्याचं पत्र, परतीचा इन्व्हॉइस आणि शिपिंग बिल जोडून तेही बंद करून घ्या. तसं केलं नाही तर पुढे कधीतरी नव्या आयातीचं पेमेंट करताना बँक तेच जुनं बिल समोर ठेवते.

खरेदीदाराने पैसे आधीच दिले असतील आणि ते परत करायचे असतील, तर बँक निर्यातीचे फायदे परत केल्याचा दाखला मागते. ड्रॉबॅक आणि रोडटेपच्या चलनांच्या प्रती इथे पुन्हा लागतात. बिल ऑफ एंट्री, चलनं, नाकारण्याचं पत्र आणि हीट नंबरांचा तक्ता एकाच फाइलमध्ये, मूळ निर्यातीच्या फाइलला जोडून ठेवा. ऑडिटला दोन्ही एकत्रच मागवतात.